चंद्रावरच्या दगडाला एकच वय नसतं

६ फेब्रुवारी १९७१ या दिवशी अपोलो १४ चे अॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल उपकरणांची हातगाडी ओढत कोन नावाच्या विवराची चढण चढत होते. विवराची कड काही त्यांना सापडली नाही. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाने खूप वर्षांनी काढलेल्या फोटोंवरून कळलं, की कडेपासून जेमतेम तीसेक मीटरवर येऊन ते मागे फिरले होते. पण तिथे शेपर्डने फुटबॉलएवढा एक दगड उचलला. वजन सुमारे ९ किलो, नमुना क्रमांक १४३२१. शास्त्रज्ञ त्याला 'बिग बर्था' म्हणतात.

हा दगड किती जुना आहे? उत्तरं तीन आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. बिग बर्था म्हणजे वेगवेगळ्या खडकांचे तुकडे एकत्र चिकटून झालेला दगड. त्यातले काही तुकडे ४०० कोटी वर्षांहून जुने आहेत. ते तुकडे एकमेकांना चिकटले सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी, एका प्रचंड आघातानंतर. आणि हा दगड चंद्राच्या पृष्ठभागावर उघडा पडला तो सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी. त्याआधीचा जवळजवळ सगळा काळ तो खाली गाडलेला होता.

यातलं तिसरं उत्तर मला सगळ्यात थक्क करतं. दगड केव्हा गोठला हे त्याच्या खनिजांवरून कळतं, इथवर समजू शकतं. पण तो केव्हापासून उघड्यावर पडून आहे, हे दगडाला विचारायचं कसं? ते सांगतात दगडात अडकलेले राजवायू, म्हणजे शाळेतल्या आवर्त सारणीच्या शेवटच्या स्तंभातले हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन.

हेच वायू का? कारण ते कुणाशी संयोग करत नाहीत. वितळलेला खडक थंड होऊन स्फटिक तयार होतात, तेव्हा लोह, कॅल्शियम, ऑक्सिजन आपापल्या जागी बसतात. या वायूंना मात्र स्फटिकात जागाच नसते. ते बहुतेक निसटून जातात आणि दगडाची सुरुवात जवळजवळ कोऱ्या पाटीने होते. नंतर दगडात निऑनचे अणू सापडले, तर ते नंतर कुठून तरी आलेले असणार. लोहाचं असं होत नाही. खडकात मुळातच इतकं लोह असतं, की त्यात आणखी काही अब्ज अणूंची भर पडली तरी ती कुणाला दिसणार नाही.

वायू आला कुठून, हे त्याच्या समस्थानिकांवरून ठरतं. निऑनचे सगळे अणू रासायनिकदृष्ट्या सारखे असले, तरी वजनाने तीन प्रकारचे असतात: निऑन-२०, निऑन-२१ आणि निऑन-२२. प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमीजास्त. सूर्याकडून आलेल्या निऑनमध्ये या तिघांचं प्रमाण वेगळं, पृथ्वीच्या हवेतल्या निऑनमध्ये वेगळं आणि दगडातच तयार झालेल्या निऑनमध्ये तर फारच वेगळं. म्हणून फक्त 'किती वायू' हे मोजून भागत नाही. 'कुठला किती' हे मोजावं लागतं.

आता उघड्यावर पडल्याची नोंद होते कशी, ते पाहू. सूर्यमालेच्या बाहेरून सतत अतिवेगवान कणांचा मारा होत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. त्यात बहुतेक प्रोटॉन असतात आणि त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास असतो. आपल्या डोक्यावर हवेचा जाड थर आणि भोवती चुंबकीय क्षेत्र आहे. चंद्रावर दोन्हींचं संरक्षण नाही. असा प्रोटॉन दगडातल्या मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम किंवा सिलिकॉनच्या केंद्रकावर आदळला, की केंद्रकाचे तुकडे उडतात. उरलेला भाग कधीकधी निऑन-२१ चं केंद्रक असतो. कॅल्शियमपासून अशाच प्रकारे आर्गॉन-३८ तयार होतो. स्ट्रॉन्शियम, यिट्रियम आणि झिर्कोनियम यांच्यापासून क्रिप्टॉन, तर बेरियमपासून झेनॉन.

एरवी निऑन-२१ फार दुर्मीळ असतो. पृथ्वीच्या हवेतल्या निऑनमध्ये त्याचा वाटा पाव टक्क्याच्या आसपास आहे. त्यामुळे दगडात थोडासा नवा निऑन-२१ तयार झाला तरी तो उठून दिसतो. आणि 'थोडासा' म्हणजे खरोखरच थोडासा. चंद्राच्या पृष्ठभागावर पडलेल्या एक ग्रॅम दगडात दिवसाला त्याचे शंभरेक अणू तयार होतात. अडीच कोटी वर्षांत जमा झालेला सगळा निऑन-२१ धरला, तरी त्याचं वजन ग्रॅमच्या एक अब्जांश भागाइतकंही भरत नाही. तो मोजता येतो, कारण दगडात त्याच्या जोडीला दुसरा निऑन जवळजवळ नसतोच.

विश्वकिरणांचा हा परिणाम दगडमातीच्या वरच्या एक-दोन मीटरमध्येच मुख्यतः होतो. आणखी खाली गेलं की तो झपाट्याने कमी होतो आणि दहा-वीस मीटर खोल गाडलेल्या दगडापर्यंत जवळजवळ काही पोहोचत नाही. असा दगड कोट्यवधी वर्षं खाली पडून असतो आणि त्याच्या निऑन-२१ च्या खात्यात काहीच जमा होत नाही. मग एक दिवस वरून अशनी आदळतो, विवर खणलं जातं आणि खोलवरचा दगड उडून कडेवर येऊन पडतो. तिथून मोजणी सुरू होते. म्हणजे दगडाचं उघड्यावरचं वय हेच त्या विवराचं वय. कोन विवराची रुंदी सुमारे ३४० मीटर आहे. त्याच्या आसपासच्या दगडांची अशी वयं काढली, तेव्हा ती अडीच कोटी वर्षांच्या जवळपास एकत्र आली. एका दगडाच्या आकड्यावर मी फारसा विसंबणार नाही. पण एकाच विवरातून उडालेले अनेक दगड, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत मोजलेले, तोच आकडा सांगू लागले की शंकेला जागा कमी राहते.

एक अडचण मात्र मोठी आहे. वर्षाला किती निऑन तयार होतो, हे दगड किती खोल होता यावर अवलंबून असतं. पृष्ठभागावरचा दगड आणि अर्धा मीटर खालचा दगड यांच्यात तो सारख्या वेगाने साठत नाही. मग हा वेग गृहीत कसा धरायचा? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले कुर्ट मार्टी यांनी १९६० च्या दशकात यावर जो उपाय काढला, तो मला या सगळ्या विषयातला सर्वात देखणा विचार वाटतो.

विश्वकिरणांमुळे क्रिप्टॉनची अनेक समस्थानिकं तयार होतात. त्यातला क्रिप्टॉन-८३ स्थिर आहे, तो साठतच जातो. क्रिप्टॉन-८१ मात्र किरणोत्सारी आहे. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे त्यातले निम्मे अणू संपायला लागणारा काळ, सुमारे २ लाख ३० हजार वर्षं. गळक्या टाकीत नळ सोडून ठेवला, तर पाणी चढत चढत एका पातळीवर येऊन थांबतं, कारण तिथे जेवढं येतं तेवढंच गळून जातं. ती पातळी पाहून नळाला धार किती आहे ते सांगता येतं. क्रिप्टॉन-८१ चं तसंच होतं. दहा-पंधरा लाख वर्षांत त्याची पातळी स्थिरावते आणि ती मोजली की या दगडात, या खोलीवर, या रासायनिक घटकांपासून क्रिप्टॉन किती वेगाने तयार होतोय ते कळतं. मग साठलेल्या क्रिप्टॉन-८३ ला त्या वेगाने भागायचं. खोलीचा अंदाज बांधायला नको, स्ट्रॉन्शियम किती आहे ते वेगळं मोजायला नको. दर आणि साठा, दोन्ही एकाच वायूच्या दोन समस्थानिकांतून मिळतात.

या पद्धतीने अपोलो १६ ने एप्रिल १९७२ मध्ये आणलेल्या दगडांवरून नॉर्थ रे विवराचं वय सुमारे ५ कोटी वर्षं निघालं. त्याच मोहिमेच्या टापूतलं साउथ रे विवर त्या मानाने अगदी कालचं, सुमारे २० लाख वर्षांचं. टायको विवराचं उदाहरण तर आणखी धाडसी आहे. पौर्णिमेला चंद्राच्या दक्षिण भागात जो पांढरा ठिपका दिसतो आणि ज्याच्यापासून किरणांसारखे पट्टे फुटलेले दिसतात, तो टायको. तिथे आजवर कुणी उतरलेलं नाही. पण अपोलो १७ जिथे उतरलं, तिथे डोंगरावरून घसरून आलेल्या दरडीचा फिकट पट्टा होता. दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या टायकोतून उडालेले दगड त्या डोंगरावर येऊन आदळले आणि दरड कोसळली, असं मानलं जातं. त्या वेळी उघड्या पडलेल्या दगडांवरून सुमारे ११ कोटी वर्षं हा आकडा मिळाला. दरड आणि टायको यांचा संबंध हा निष्कर्ष आहे, थेट मोजमाप नाही, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही हा आकडा फार मोलाचा आहे. ज्या विवरांचं वय असं ठाऊक आहे, त्यांच्याशी ताडून पाहूनच न भेटलेल्या पृष्ठभागांची वयं विवरं मोजून काढली जातात, चंद्रावरची आणि मंगळावरचीही.

अर्थात सगळे दगड इतके सरळ वागत नाहीत. काही दगड आधी एक मीटर खाली काही कोटी वर्षं राहिलेले असतात, मग छोट्या आघाताने वर येतात, पुन्हा उलटतात, मातीखाली जातात. अशा दगडात दोन-तीन टप्प्यांची बेरीज असते आणि क्रिप्टॉनवरून एक वय, निऑनवरून दुसरं असं निघतं. हा फरक म्हणजे चूक नव्हे. दगड मधल्या काळात हलला होता, ही बातमी त्याच फरकातून मिळते. विश्वकिरणांच्या या माऱ्याच्या दुसऱ्या खुणाही असतात. जड कण स्फटिकातून जाताना सूक्ष्म रेषा उमटवतात. अपोलोच्या नमुन्यांतल्या या रेषांचा अभ्यास मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही झाला, देवेंद्र लाल यांच्या गटाकडून.

आता सूर्याकडून येणारा वायू. सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने. याला सौरवात म्हणतात. त्यातले हेलियम आणि निऑनचे कण चंद्रावरच्या मातीच्या कणांत घुसतात, पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकेही खोल जात नाहीत. हा वायू नेमका कसा आहे ते पाहण्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या योहान्स गाइस यांनी अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा एक पडदा बनवला. अपोलो ११ च्या वेळी बझ ऑल्ड्रिनने तो अमेरिकेचा झेंडा रोवण्याच्याही आधी सूर्याकडे तोंड करून उभा केला, ७७ मिनिटांनी गुंडाळला आणि पृथ्वीवर परत आणला. सौरवातातला निऑन असा प्रत्यक्ष हाती आला. आज आपल्याला माहीत आहे की त्यात एका निऑन-२२ मागे १३.८ च्या आसपास निऑन-२० असतात. पृथ्वीच्या हवेत हाच आकडा ९.८ आहे, तर विश्वकिरणांनी दगडात तयार केलेल्या निऑनमध्ये एकापेक्षाही कमी. तीन उगम, तीन वेगळे आकडे.

(सौरवातातून आलेल्या हेलियम-३ च्या खाणी चंद्रावर काढण्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना एवढं ध्यानात ठेवावं, की चांगल्यातल्या चांगल्या मातीतही एका टनामागे तो काही मिलिग्रॅमच असतो.)

प्रयोगशाळेत हे उगम वेगळे करण्याचं काम फार चिकाटीचं आहे. काही मिलिग्रॅमचा कण धातूच्या पातळ वर्खात गुंडाळून निर्वात नळीत ठेवतात. आधी काहीच न तापवता सगळी प्रक्रिया एकदा पार पाडतात, म्हणजे यंत्राच्या भिंतींतूनच किती वायू झिरपतो ते समजतं. तेवढा पुढे वजा करायचा असतो. मग कण लेझरने किंवा भट्टीत तापवतात, तोही एकदम नाही. आधी कमी तापमानाला, मग थोडं जास्त, असं टप्प्याटप्प्याने. बाहेर आलेला वायू गरम टायटेनियमवरून नेला की नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ असं सगळं तो धातू शोषून घेतो आणि राजवायू तेवढे मागे राहतात. द्रवरूप नायट्रोजनने गार केलेल्या कोळशावर आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन अडकतात, हेलियम आणि निऑन पुढे जातात. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये अणूंना विद्युतभार देऊन चुंबकीय क्षेत्रातून वळवतात. हलके जास्त वळतात, जड कमी.

इथेही फसगत होऊ शकते. आर्गॉन-४० च्या अणूचे दोन इलेक्ट्रॉन उडाले, तर यंत्राला तो हुबेहूब निऑन-२० सारखा दिसतो, कारण यंत्र वजन आणि विद्युतभार यांचं गुणोत्तरच पाहत असतं. चाळीसला दोनाने भागलं की वीस. म्हणून निऑन मोजताना मागे किती आर्गॉन उरलाय, त्यावर सतत नजर ठेवावी लागते. टप्प्याटप्प्याने तापवण्याचा फायदा असा की कणाच्या पृष्ठभागाजवळचा सौर वायू आधी सुटतो आणि आत खोलवर तयार झालेला नंतर. प्रत्येक टप्प्याचं निऑन आलेखावर मांडलं की बिंदू एका रेषेवर येतात. एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला विश्वकिरण. बिंदू जिथे पडतो त्यावरून कुणाचा वाटा किती ते वाचता येतं.

दगडाच्या जन्माचं वय मात्र बाहेरून आलेल्या वायूतून कळत नाही. त्यासाठी आतूनच तयार होणारा आर्गॉन-४० लागतो. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. त्याचा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं आहे आणि क्षय होणाऱ्या अणूंपैकी सुमारे ११ टक्के आर्गॉन-४० होतात. नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवला, तर पोटॅशियम-३९ चे काही अणू आर्गॉन-३९ बनतात. मग पोटॅशियम वेगळं मोजायची गरजच राहत नाही. दोन आर्गॉनचं गुणोत्तर एकाच यंत्रात मिळतं. शेफील्ड विद्यापीठातल्या ग्रेनव्हिल टर्नर यांनी ही पद्धत अपोलो ११ च्या दगडांना लावली आणि १९७० मध्ये ३७० कोटी वर्षांच्या आसपासची वयं जगासमोर ठेवली.

दगड पुन्हा जोरात तापला, तर आर्गॉन निसटतो आणि मोजणी नव्याने सुरू होते. मोठ्या आघातात हेच घडतं. आघातात वितळलेल्या चंद्रावरच्या कितीतरी दगडांची वयं ३९० कोटींच्या आसपास गोळा होतात. त्यावरून त्या सुमारास अशनींचा भडिमार झाला, असं अनेकांनी मांडलं. मला स्वतःला दुसरी बाजू अधिक पटते. अपोलो मोहिमा उतरल्या तो टापू बराचसा इंब्रियम हे चंद्रावरचं विशाल खोरं ज्या एका महाआघाताने खणलं गेलं, त्यातून उडालेल्या मलब्याखाली आहे. सगळीकडे तेच वय सापडण्यामागे तेही कारण असू शकतं. हा वाद अजून मिटलेला नाही.

हीच आर्गॉनची पद्धत बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारलाही लावली गेली. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये झालेलं आहे. चंद्रावरच्या काळ्या मैदानांचा खडकही बेसाल्टच, म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारकडे मुद्दाम येतात. आधी एका वेगळ्या पद्धतीने लोणारचं वय सुमारे ५२ हजार वर्षं सांगितलं जात होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने वितळून झालेल्या काचेतल्या आर्गॉनवरून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापटीहून जास्त फरक! इथली एक धास्ती चंद्रालाही लागू आहे. मूळच्या जुन्या बेसाल्टमधला आर्गॉन वितळताना पूर्णपणे निसटला नाही, तर काचेचं वय फुगलेलं दिसतं. ते तपासूनच आकडा सांगावा लागतो.

चंद्राच्या मातीत आणखी एक कोडं सापडलं होतं. तिथे इतका आर्गॉन-४० होता, की मातीतल्या पोटॅशियममधून तेवढा तयार होणं शक्यच नव्हतं. या आर्गॉनला म्हणूनच पोरका म्हणतात. उलगडा १९७० मध्येच झाला. चंद्राच्या पोटात पोटॅशियमपासून तयार झालेला आर्गॉन भेगांतून बाहेर झिरपतो, सूर्यप्रकाशाने त्याला विद्युतभार मिळतो आणि सौरवाताबरोबर येणारी क्षेत्रं त्यातला काही भाग परत जमिनीवर आपटतात. तो मातीच्या कणांत रुतून बसतो. पूर्वी पोटॅशियम-४० जास्त होतं, त्यामुळे जुन्या काळात रुतलेल्या वायूत आर्गॉन-४० चं प्रमाणही जास्त. मातीचे कण दाबून घट्ट झालेल्या खडकाला हे प्रमाण विचारलं, की ती माती कोणत्या काळात उघडी होती याचा अंदाज बांधता येतो. चंद्राभोवतीच्या अतिविरळ वातावरणात हा आर्गॉन-४० अजूनही आहे. चंद्रयान-२ वरच्या चेस-२ या उपकरणाने त्याचं वितरण विषुववृत्तापासून मध्य अक्षांशांपर्यंत मोजलं. इस्रोने ते निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर केले.

त्याच वर्षी दोन गोष्टी आणखी घडल्या. अपोलो १७ ने डिसेंबर १९७२ मध्ये त्या दरडीच्या पट्ट्यातूनच काढलेली, चंद्रावरच हवाबंद केलेली मातीची एक नळी जवळपास पन्नास वर्षांनी उघडण्यात आली. उघडण्याआधी तिला छिद्र पाडून आतला वायू वेगळा गोळा करण्यात आला. आणि झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या पॅट्रिझिया विल, हेन्नर बुसमान आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकात सापडलेल्या चांद्र अशनींमधल्या, म्हणजे चंद्रावरून उडून पृथ्वीवर पडलेल्या दगडांमधल्या, काचेच्या बारीक कणांत हेलियम आणि निऑन शोधून काढले.

हा निऑन सूर्यासारखाच होता, पण सौरवाताने आणलेला नव्हता. हे अशनी ज्या लाव्हाचे, तो पसरल्यावर त्याच्यावर दुसरे थर आले होते. आतला खडक सौरवातापासून आणि विश्वकिरणांपासून झाकलेला राहिला. लाव्हा झपाट्याने थंड झाल्यामुळे काच तयार झाली आणि काचेतून वायू निसटू शकला नाही. म्हणजे हा वायू चंद्राच्या पोटातूनच आलेला. पृथ्वीवर झालेल्या प्रचंड आघातातून चंद्र जन्मला तेव्हा इतकी उष्णता होती, तरी सगळे हलके वायू उडून गेले नव्हते. बहुधा पृथ्वीच्याच द्रव्याबरोबर ते चंद्रात आले असावेत, असं या संशोधकांचं म्हणणं आहे. आता तशाच काचेत क्रिप्टॉन आणि झेनॉन शोधायचे आहेत. झेनॉनची नऊ नैसर्गिक समस्थानिकं आहेत, सूर्याचा झेनॉन आणि पृथ्वीच्या हवेतला झेनॉन यांच्यात त्यांची प्रमाणं ठळकपणे वेगळी आहेत, आणि चंद्राच्या पोटातला झेनॉन त्यांपैकी कुणाशी जुळतो हे कळलं तर पृथ्वी आणि चंद्र यांच्यात कोणता वायू वाटून घेतला गेला, ते नेमकं सांगता येईल.